मदत हवी आहे: लिम्फोमा असताना केमोऐवजी हिपॅटायटिस सीच्या गोळ्या?

नमस्कार मंडळी,

धागा आईसाठी काढतेय. वय ६४, कराडजवळ गावी असते. दिवाळीपासून "दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं" म्हणायची. आम्ही ॲसिडिटी समजून ओवा-जिरं करत बसलो. शेवटी सोनोग्राफी केली तर पानथरी वाढून १८ सेंमी, प्लेटलेट घटून ७८ हजार. मग बोन मॅरो वगैरे होऊन निदान आलं: स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा, म्हणजे पानथरीतला, पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. सावकाश वाढणारा प्रकार आहे. त्याच तपासण्यांत हिपॅटायटिस सी पण पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणतात, घाई नाही, आधी विषाणूचा बंदोबस्त करू. सोफोस्बुविर-वेल्पाटास्विर, रोज एक गोळी, १२ आठवडे. त्यानेच लिम्फोमा ओसरण्याची शक्यता आहे, नाहीतर पुढचं आहेच. यावरून घरात रोज खडाजंगी. मामा म्हणतो, "कॅन्सरला काविळीच्या गोळ्या? वेळ घालवू नका, केमो सुरू करा."

संसर्गाचा माग काढला तर १९८७ला पोचलो. माझ्या वेळच्या बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं, दोन बाटल्या. विषाणू सापडला १९८९ मध्ये, तेव्हा रक्तपेढी तपासणार तरी काय? आईला हे बोलले नाहीये.

आणि तिने आपलं ताट वेगळं केलंय. पाठीमागे नेलपॉलिशचा ठिपका. स्वतःच घासते, नातवाला जवळ येऊ देत नाही.

कुणाच्या घरी असे उपचार झालेत का? मामाला काय सांगू?

प्रतिसाद:

ताई, माझ्या सासऱ्यांचं हेच होतं, म्हणून थोडं वाचलंय. डॉक्टर बरोबर सांगतायत. २००२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पानथरीचा लिम्फोमा आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या ९ जणांना विषाणूवरचं औषध दिलं. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची. विषाणू गेला तसा लिम्फोमाही हटला. एकाच्या रक्तात विषाणू परत आला, तर लिम्फोमाही परतला. विषाणू नसलेल्या ६ जणांना तेच औषध दिलं, काही उपयोग झाला नाही. मामांना एवढंच सांगा.

हा लिम्फोमा बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा असतो. लिम्फोमाशी जोडला जाणारा दुसरा एक विषाणू, एप्स्टाइन-बार, थेट या बी-पेशीत मुक्काम ठोकतो. हिपॅटायटिस सी मुख्यतः यकृतात राहतो आणि वर्षानुवर्षं बी-पेशींना डिवचत राहतो. डिवचणारा गेला की पेशींची वाढ मंदावते. सगळ्याच लिम्फोमांना हे लागू नाही. वेगाने वाढणारा असेल तर केमोसाठी थांबत नाहीत.

ताटाचं तेवढं आजच थांबवा. एकत्र जेवल्याने, कुशीत घेतल्याने हा पसरत नाही. नेलकटर, टूथब्रश मात्र वेगळे. तुम्ही भावंडांनीही एकदा तपासून घ्या.

गोळ्यांआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीय ना? तो लपलेला असेल तर उसळतो. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही सांगा, वेल्पाटास्विर अंगी लागत नाही. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात विचारा.

धागाकर्ती:

बीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. पण पॅन्टोप्राझोल तीन महिने रोज सकाळी चालूच आहे हो! कुणी विचारलंच नाही. उद्याच फोन करते. ताटाचं आईला वाचून दाखवलं. "बघू" म्हणाली.