मदत हवी आहे: सी मध्ये स्ट्रिंगचा इंट बिनधोक कसा करायचा?

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीतल्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहितोय. भुईकाट्यावरून सिरियल पोर्टने वजन मजकूर (स्ट्रिंग) म्हणून येतं, ते मला इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, हवंय.

त्यासाठीचं एटीओआय (atoi) हे तयार फंक्शन नको, हे पक्कं. काट्याने 'एरर' पाठवलं तरी ते शून्य देतं आणि काटा रिकामा असला तरी शून्यच. आकडा इंटमध्ये मावला नाही तर काय होईल याची हमी सी चं स्टँडर्डसुद्धा देत नाही. शेतकऱ्याची हिशोबपट्टी याच वजनावर निघते, तिथे अंदाजपंचे चालणार नाही.

म्हणून स्ट्रटोल (strtol) हे फंक्शन घेतलंय, ते मजकुराचा लाँग (पूर्णांकाचा दुसरा प्रकार) करून देतं. आधी एर्नो (errno, जिथे त्रुटीचा कोड नोंदला जातो) शून्य करतो. बेस १० (दशमान) देतो, कारण बेस ० दिला तर सुरुवातीच्या शून्यामुळे '०१०' अष्टमान धरून त्याचे ८ होतात. मग एंड-पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) सुरुवातीलाच थांबलाय का ते बघतो, एर्नोमध्ये ईरेंज (ERANGE, म्हणजे आकडा मावला नाही) आलंय का तपासतो आणि शेवटी इंट-मिन, इंट-मॅक्सशी (इंटची किमान आणि कमाल किंमत) ताडून घेतो.

अडलंय ते इथे. काटा '१२४५ केजी' आणि पुढे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं चिन्ह) पाठवतो, म्हणजे एंड-पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटी पोचतच नाही. 'केजी' नेमकं जुळवून बाकी सगळं नाकारावं, की आधीच छाटून टाकावं?

दुसरं, माझ्या ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा, व्यापाऱ्याच्या विंडोजवर ३२ चा. तिथे लाँग आणि इंट सारखेच, मग जास्तीचा आकडा फक्त ईरेंजच पकडणार. दोन्हीकडे स्ट्रटोलएल (strtoll, दोन्हीकडे ६४ बिटांचा लाँग लाँग देणारं) वापरणं बरं का? असं काम प्रत्यक्ष केलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.