जुनं १.३ मल्टिजेट : नुसता टेन्शनर की अख्खं चेन किट?

डिझेलप्रेमी
जुनी स्विफ्ट डिझेल, आत १.३ मल्टिजेट इंजिन, दीड लाख किलोमीटर पार. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद इंजिनाच्या टायमिंगच्या बाजूने खडखड, मग शांत. मेकॅनिक म्हणतो, अख्खं टायमिंग चेन किट टाका, म्हणजे क्रँक नि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारी चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट सगळं नवं. मला हा खर्च नाहक वाटतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते. टेन्शनर बदला, ऑइल बदला, झालं.

रांजणगावकर
अजिबात पटत नाही. टेन्शनरपर्यंत पोचायचं तर क्रँक पुली, ऑइल चेंबर, टायमिंग कव्हर सगळं उतरवावं लागतं. मजुरी तीच, मग जुनी चेन आत का ठेवायची? चेन वाढते म्हणजे कड्या ताणत नाहीत. प्रत्येक पिन नि बुश किंचित झिजतात आणि ती झीज साठत जाते. नवा टेन्शनर तेवढा ढिलेपणा खेचून घेईल, आवाजही जाईल, पण चेन होती तेवढीच लांब राहील. उद्या तिने स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार. नशीब असेल तर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटण्यावर भागतं, नाहीतर हेड उतरवा.

डिझेलप्रेमी
पण किट कुठलं? बाजारातल्या डुप्लिकेट चेनपेक्षा कंपनीची जुनी चेन मला जास्त भरवशाची वाटते. आधी उघडून बघा : टेन्शनरचा प्लंजर (दट्ट्या) किती बाहेर आलाय, चेनला वाट देणाऱ्या गाइडच्या प्लास्टिकला खाचा पडल्यात का. दोन्ही ठीक असेल तर चेन कशाला फेकायची?

गॅरेजवाला
तुम्ही दोघं उघडायच्याच गोष्टी करताय. आधी गेज लावून ऑइल प्रेशर बघा. ऑइल उशिरा बदललं की डिझेलची काजळी त्यात साठते, आणि चेनच्या पिना त्यानेच झिजतात. प्रेशरच कमी असेल तर नवा टेन्शनरही खडखडणार. आणि उघडलंच तर दोन गोष्टी सांभाळा. व्हाइटनरच्या खुणांवर टायमिंग जुळवू देऊ नका, इंजिन नेमक्या जागी अडकवून धरणारं लॉकिंग टूल हवंच. कव्हर बसवताना सांधा बंद करणारं सिलिकॉन बेताने लावा. जास्तीचं आत तुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतं आणि नव्या कोऱ्या किटला ऑइल मिळत नाही.

रांजणगावकर
गेजचं मान्य. पण प्रेशर बरोबर निघालं आणि कव्हर उघडलं, तर माझ्या गाडीत जुनी चेन परत बसणार नाही. किट अस्सल मिळेपर्यंत गाडी उभी ठेवीन.

डिझेलप्रेमी
गेज लावून घेतो. चेनचं मात्र प्लंजर बघूनच ठरवणार.