पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात नेमकं काय झालं? घरात कुणी बोलत का नाही

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू की नको चाललं होतं, आज विचारतोच.

गाव आमचं उमरग्याकडचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. आज्जी १९४८ ला आठ-नऊ वर्षांची होती. रझाकारीच्या, म्हंजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, गोष्टी तिच्याकडनं इतक्यांदा ऐकल्यात की पाठ झाल्यात. रझाकार आले अशी बोंब उठली की पोरीबाळींना वाड्यातल्या ज्वारीच्या जमिनीखालच्या पेवात उतरवायचे. आधी दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचं, नाहीतर आत गुदमरून मरायची भीती. अंधारात ज्वारीचा आंबूस वास, वर फळी, फळीवर कडब्याच्या पेंढ्या. आज्जी म्हणते अजून पेव म्हटलं की नाकात तो वास येतो.

आता हे सगळं ती रंगवून सांगते, पण १७ सप्टेंबरला येऊन गाडी थांबते. मिल्ट्री आली, रझाकार पळाले, पेढे वाटले, संपलं. मी विचारलं मग पुढं काय झालं, तर म्हणते पुढं काय, राज्य आलं आपलं.

आमच्या एका रानाला घरात मणेरपट्टी म्हणतात. गावात मणेराचं एकही घर नाही. मागच्या दिवाळीला सहज विचारलं हे मणेर कोण, तर आज्जी उठून आत गेली आणि वडील म्हणाले जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार तुला.

शाळेत आम्हाला रझाकार, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन इतकंच होतं. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं हे कुणाला माहितीये का? भांडायला नाही विचारत, खरंच माहिती पाहिजे.

बोरीकाठ:
मी नळदुर्गकडचा, त्यामुळं आमच्याकडं गोष्ट थोडी आधीपासनं सुरू होते. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे फौज सोलापूरकडनं शिरली ती नळदुर्गलाच, बोरी नदीचा पूल उडवायच्या आत ताब्यात घेतला. मग उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद अशी हैदराबादच्या रोडनं सरळ पुढं. १७ ला निजामानं रेडिओवर शरणागती जाहीर केली, १८ ला निजामाच्या फौजेच्या जनरल एद्रूसनं भारताच्या मेजर जनरल चौधरींपुढं रीतसर शरणागती पत्करली. पाच दिवसांत खेळ खल्लास.

पण फौज गेली रोडनं हे लक्षात घ्या. आतल्या गावांत काय? निजामाची पोलीस चौकी ओस, रझाकार एकतर पळालेले नाहीतर लपलेले, आणि सरहद्दीपलीकडं बार्शी-सोलापूरला जीव वाचवायला गेलेली माणसं वर्षभराचा राग घेऊन परत यायला लागलेली. त्यात सरकार नावाची गोष्टच काही दिवस जागेवर नाही. माझे चुलत आजोबा एकच वाक्य बोलायचे, "आधी त्यांची पाळी होती, मग आपली आली." त्याच्यापुढं एक शब्द नाही, तंबाखू मळत बसायचे.

स्पष्टच_बोलतो:
आला हा धागा पण आला. रझाकारांनी काय केलं ते दोन ओळीत आणि "नंतर काय झालं" ह्यावर चर्चासत्र. निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या गोविंदराव पानसऱ्यांना बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ ला मारलं, तेव्हा कुठली पोलीस ॲक्शन होती? गोरट्याला, बिदर जिल्ह्यात, मे १९४८ ला काय कत्तल झाली ते जाऊन विचारा, तिथल्या लोकांना अजून माहितीये. गावंच्या गावं ओस पडली होती, बायका नासवल्या, गंज्या पेटवल्या. सोसलेल्या माणसानं मागनं दोन हाणल्या तर लगेच त्याचा हिशोब मांडायचा का ७५ वर्षांनी?

कागद_वाचणारा:
स्पष्ट, तू लिहिलंस त्यातलं काहीच मी खोडत नाही. उलट त्यात भर घालतो, शोएबुल्ला खान नावाचा उर्दू पेपरचा संपादक होता, मुसलमान, हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. म्हंजे रझाकार हिंदूंवर तुटून पडले तसे मुसलमानांतल्या विरोधकांवरही तुटून पडले.

पण "मागनं दोन हाणल्या" हे जे म्हणतोयस ना, प्रकरण तेवढं नव्हतं. आणि हे पाकिस्ताननं लिहिलेलं नाही, नेहरूंनी पाठवलेल्या माणसांनी लिहिलंय. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी असे तिघं, तिघंही काँग्रेसच्या गोटातले, नोव्हेंबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत संस्थानात हिंडले. १६ पैकी ९ जिल्हे. त्यांचा अंदाज असा की एकूण २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि हा हात राखून केलेला अंदाज आहे असं त्यांनीच म्हटलंय. त्यातली १८ हजार फक्त चार जिल्ह्यांत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. ह्यापेक्षा कमी आकडे सांगणारे आहेत आणि कितीतरी जास्त सांगणारेही आहेत, घरोघरी मोजणी कुणीच केली नव्हती. पण मग हात राखून अंदाज काढणाऱ्यांचाच आकडा घे ना.

लातूरचं वाचून मला रात्रभर झोप नव्हती, कारण मी लातूरला शिकलोय, गंजगोलाईत चहा प्यायलोय. कासिम रझवी लातूरचाच वकील, त्यामुळं तिथं राग जास्त असणार हे उघड आहे. पण मेले कोण, तर बरेचसे कच्छी मुसलमान व्यापारी आणि सामान्य लोक. वीस दिवसांवर मारामारी चालू होती, दहा हजार मुसलमान होते त्यातले जेमतेम तीन हजार शहरात उरले, हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. वीस दिवस म्हंजे निजामानं शरणागती देऊन, पेढे वाटून झाल्यावरचे दिवस आहेत हे. सरकार आपलं, फौज आपली. रझवी मात्र जिवंत राहिला, जेलमध्ये बसला, १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला.

आणखी एक, त्या तिघांनी विहिरी बघितल्या. एका विहिरीत अकरा प्रेतं मोजली, त्यात एक बाई होती, लहान मूल तिच्या छातीला चिकटलेलं. ते मूल कुठल्या रझाकारीत होतं?

स्पष्टच_बोलतो:
मुलाबाळांचं समर्थन मी कधीच करणार नाही, ते शब्द माझ्या तोंडी घालू नका. पण लोकांनी केलं त्याला "सरकारी हिंसा" म्हणणं चूक आहे.

कागद_वाचणारा:
तिथंच तर गोम आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनीच केलं, सोलापूर आणि बाकी शहरांतून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांनी केलं, हे तर अहवालात आहेच. पण काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीला चिथावलं, आणि काही गावांत मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार मारलं, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय जनरल चौधरींबद्दल त्याच कागदात चांगलं लिहिलंय, त्यांच्यात जातीय द्वेष दिसला नाही म्हणून. म्हंजे एकांगी लिहिणारी माणसं नव्हती ती. शेजारच्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं त्याच्याही नोंदी आहेत, विणकरांनी विणकरांना वाचवल्याच्या खास करून.

अहवालाचं पुढं काय झालं? पटेलांना तो अजिबात पटला नाही, तुम्हाला असली चौकशी करायला सांगितलंच कुणी असा त्यांचा सूर होता. छापला नाही. कितीतरी दशकं नुसतं नाव ऐकू यायचं. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीला नेहरू मेमोरियलच्या लायब्ररीत बघायला मिळतो अशी बातमी आली तेव्हा कुठं लोकांना कळलं की असा कागद खरंच आहे.

बोरीकाठ:
मला तर ते नावच गमतीशीर वाटतं. पोलीस ॲक्शन! रणगाडे, विमानं, तोफा, आणि म्हणे पोलीस. आमच्याकडं म्हातारी माणसं बरोबर "मिल्ट्री आली" म्हणायची, पोलीस आले असं एकही म्हातारा म्हणला नाही.

कागद_वाचणारा:
नाव उगाच नव्हतं दिलेलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादनं युनोच्या सुरक्षा परिषदेत तक्रार टाकली होती. युद्ध म्हटलं की दोन देश आले, जगाचं लक्ष आलं. पोलीस म्हटलं की घरचं भांडण, घरातलं कुणी विचारत नाही. एकदा युद्धच झालं नाही म्हटल्यावर युद्धात मेलेल्यांची यादी तरी कोण करणार? माझं मत असं आहे की अहवाल दाबला त्याहून हा शब्द जास्त कामाला आला.

आणि विलीनीकरण चूक होतं असं मी कुठंच म्हणत नाहीये हां. स्वामी रामानंद तीर्थांच्या चळवळीत माझ्या आईचे मामा होते, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेले. निजामाचं राज्य जायलाच पाहिजे होतं. ते जाताना काय झालं हे सांगितलं तर ते परत येणार आहे का?

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री:
ॲडमिन येऊन कुलूप लावायच्या आत मी धागा सेव्ह करून ठेवला. आम्ही पुण्यात वाढलो, आम्हाला तर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन असतं हेच नोकरीला औरंगाबादला गेल्यावर कळलं, ऑफिसला सुट्टी कशाची म्हणून विचारलं तर सगळे बघायला लागले.

धाग्याचे मालक कुठं गेले?

तेरणाकाठ:
आहे. वाचत होतो. काल रात्री आज्जीला फोन केला. वडील बाहेर गेलेत ह्याची खात्री करून केला.

मी मणेराचं विचारलंच नाही. म्हटलं आज्जी, मिल्ट्री आल्यावर पेवात परत कुणी उतरलं होतं का. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, उतरली की. मणेरीण, म्हंजे बांगड्या भरणारी मुसलमान बाई, आणि तिच्या दोन पोरी. आज्जीला त्याच मणेरणीनं बांगड्या भरल्या होत्या, पंचमीला घरी यायची. आज्जीच्या आईनं तसाच कंदील सोडून बघितला आणि त्यांना उतरवलं. तीन दिवस भाकरी दोरीनं खाली सोडत होत्या. मणेर स्वतः आलाच नाही, तो कुठं होता कुणाला माहीत नाही.

चौथ्या दिवशी बाहेरगावची माणसं गावात हिंडायला लागली, कुणाच्या घरात कोण लपलंय विचारत. त्या रात्री माझ्या पणजोबांनी फळी काढली आणि त्यांना म्हणाले आता तुम्ही जावा. आज्जी म्हणते, बाईनं एक शब्द उलटा बोलला नाही, बांगड्यांचा हारा आमच्याच घरात ठेवून गेली, परत आल्यावर नेते म्हणाली. हारा कितीतरी वर्षं माळवदाखालच्या खोलीत होता, बांगड्यांना कुणी हात लावला नाही.

रानाचं विचारलं तर म्हणाली ते मला बाईमाणसाला काय माहीत. आणि फोन ठेवला.

जुना_तलाठी:
रिटायर माणूस आहे, इतिहासातलं जास्त कळत नाही पण रानाचं सांगू शकतो. सातबाऱ्यावर नाही सापडायचं. तहसीलला अर्ज करून १९५४-५५ चं खासरा पत्रक काढा, आणि त्याच्या मागं जायचं असेल तर निजामकाळातलं सेतवार, म्हंजे कुठलं रान कुणाचं ह्याची जुनी नोंदवही. जुने कागद उर्दूत असतात काही काही, वाचणारा माणूस सोबत न्या. सेतवारात एक नाव आणि खासऱ्यात दुसरं नाव असेल तर मधे खरेदीखत आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी असतं, रीतसर पैसे देऊन घेतलेलं असतं, आधीच वाईट समजू नका. आणि बऱ्याच ठिकाणी नसतं.

तेरणाकाठ:
धन्यवाद तलाठी साहेब. गट नंबर आहे माझ्याकडं. आज सकाळी अर्ज लिहून पण ठेवलाय. वडिलांना सांगितलं नव्हतं पण आज्जीनंच सांगितलेलं दिसतंय, दुपारी त्यांचा फोन येऊन गेला, शिव्या देतील वाटलं होतं, पण एवढंच म्हणाले की ती आहे तोवर काढू नको.