भाषांतरात गंमत जाते?
भाषांतरात कॉमिक्सची गंमत मरते, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. 'ॲस्टेरिक्स' हे फ्रेंच कॉमिकच घ्या. त्यातल्या ओबेलिक्सच्या कुत्र्याचं मूळ फ्रेंच नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. अनुवादक अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी इंग्रजीत त्याला डॉगमॅटिक्स केलं; 'डॉगमॅटिक' म्हणजे हट्टी मताचा. हट्टही राहिला, वर कुत्राही आला!

पण कॉमिक्सच्या नवख्या वाचकांनी सुरुवात 'पर्सेपोलिस' या आत्मकथनपर कॉमिकपासूनच करावी. मार्जान सत्रापींनी २००० ते २००३ मध्ये फ्रेंचमधून काढलेलं, नुसतं काळं-पांढरं. सुरुवातीलाच इराणमधल्या शाळेतल्या मुली सक्तीच्या हिजाबची दोरी करून उड्या मारतात. परभणीला माझी आठवीतली भाची त्या चित्रावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून होती. पान उलटू म्हटलं तर, "थांब ना मामा."