मदत हवी आहे: दोन पीएनआर, चार माणसं, विमानात मुलांना शेजारी कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

वसुबारसेच्या दिवशी पुण्याहून नागपूरला सासरी निघायचं आहे. मी, सासूबाई, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. नवरा मागाहून रेल्वेने येणार. सासूबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास, आणि त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

चौघांची तिकिटं एकत्र शोधली तेव्हा माणशी भाडं बरंच जास्त दिसत होतं, दोघांचीच शोधली की कमी. स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या असतील तर चौघांनाही पुढचा महाग दर लागतो, असं भावाने समजावलं. म्हणून दोन-दोन करून काढली. एका पीएनआरवर (म्हणजे एका बुकिंग क्रमांकावर) मी आणि मुलगा, दुसऱ्यावर सासूबाई आणि मुलगी. पैसे वाचले खरे, पण आता तीच काळजी लागून राहिली आहे.

कारण मे महिन्यात झालेला प्रकार अजून डोक्यातून गेलेला नाही. तेव्हा आम्ही चौघे, म्हणजे नवरा धरून, एकाच पीएनआरवर होतो. जागेचे वेगळे पैसे भरले नव्हते. वेब चेक-इन उघडलं तर फुकटच्या जागा बहुतेक मधल्या आणि विखुरलेल्या. मुलगा माझ्याजवळ, नवरा ९व्या रांगेत आणि मुलगी २६बी, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. काउंटरवर सांगितलं तर उत्तर मिळालं, "विमान भरलंय, आत गेल्यावर क्रूला विचारा." आत गेल्यावर दारातून माणसं येतच होती, डोक्यावर बॅगा चढत होत्या, आणि माझी लेक माझा ओढणीचा पदर धरून उभी. रडत नव्हती, पण हात सोडत नव्हती. शेवटी आमच्या रांगेतले एक काका उठले आणि २६बीवर जाऊन बसले. कडेची जागा त्यांनी पैसे भरून घेतली होती, गुडघ्याच्या त्रासामुळे. मला फार अपराधी वाटलं. त्यांच्या चांगुलपणावर आमची सोय झाली, आणि त्यांचे पैसे वाया गेले ते गेलेच.

घरी आल्यावर शोधाशोध केली. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, एप्रिल २०२४ मध्येच विमान कंपन्यांना सांगितलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाजवळ जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे आम्ही काउंटरवर उपकार मागत नव्हतो! हे तेव्हा माहीत असतं तर मी तिथून हललेच नसते. पण पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घ्यायलाही कंपन्यांना परवानगी आहे. खिडकी हवी, पुढची रांग हवी, त्याचे पैसे घ्या, मला पटतं. पण ९ वर्षांच्या मुलीने आईबापाजवळ बसणं ही पसंती कशी? विमान सुटताना सांगतातच की आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क लावा आणि मग मुलांना लावा. २६बीवरच्या मुलीला तो कोणी लावायचा? शेजारच्या अनोळखी माणसावर तरी ही जबाबदारी का?

न्यू जर्सीतली नणंद म्हणते, तिकडेही हा वाद जुनाच आहे. कोणती कंपनी मुलांना जादा पैसे न घेता पालकांशेजारी बसवायची हमी देते, ते तिथलं परिवहन खातं २०२३ पासून जाहीर करतं. असं आपल्याकडे असतं तर मी तिकीट काढतानाच ते बघून कंपनी निवडली असती.

आता माझी अडचण. नियम 'त्याच पीएनआरवरच्या पालकाजवळ' म्हणतो. म्हणजे कागदावर मुलीची पालक आजी. त्या दोघींना शेजारी बसवलं की कंपनीचं काम झालं. पण प्रत्यक्षात सासूबाईंना पट्टा लावण्यापासून सूचना समजावण्यापर्यंत सगळं त्या पोरीलाच करावं लागेल, आणि मी कुठेतरी १५ रांगा पुढे. चौघं एका रांगेत बसणार नाही हे कळतं, तीन-तीनच्याच जागा असतात. पुढे-मागे किंवा मधली वाट सोडून पलीकडे मिळालं तरी पुरे.

दोन पीएनआर एकमेकांशी जोडून 'हे एकत्र प्रवास करत आहेत' अशी नोंद ग्राहकसेवेला फोन करून करता येते का? कोणी केली आहे का, आणि चेक-इनच्या वेळी तिचा खरंच उपयोग झाला का? वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं. उघडल्या उघडल्या दोन्ही पीएनआर करावेत, की चेक-इन न करता लवकर विमानतळावर जाऊन काउंटरवरूनच जागा मागाव्यात? भाऊ पहिलं सांगतो, मैत्रीण दुसरं. सासूबाईंसाठी व्हीलचेअर किंवा ज्येष्ठांची मदत नोंदवली तर जागा देताना तिचा विचार होतो का? गरज नसताना व्हीलचेअर अडवायची नाही, एवढं मात्र नक्की.

आणि काउंटरवर पुन्हा तेच उत्तर मिळालं तर? डीजीसीएचं पत्रक छापून नेणार आहे. ते दाखवून कोणाचं काम झालं आहे का? ड्यूटी मॅनेजरला बोलवा म्हणायचं, की थेट एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकायची? तक्रारीचं उत्तर विमान सुटायच्या आत तर येणार नाही.

अगदीच काही जमलं नाही तर चार जागांचे पैसे भरेन. मग तिकिटात वाचलेलं तिथेच जाईल. पण त्याआधी, गेल्या वर्षभरात लहान मुलं घेऊन देशांतर्गत प्रवास केलेल्यांनी आपला अनुभव जरूर लिहा. विमान कंपनीत किंवा विमानतळावर काम करणारं कोणी इथे असेल तर फारच बरं होईल. या शनिवारपर्यंत मला ठरवायचं आहे, कारण जागांचे दर रोज वर चालले आहेत.