टॅक्सी आणि कॅब यांत नेमका फरक काय?

प्रश्न (परभणी)
नमस्कार. माझ्या आठवीतल्या मुलीला शाळेत टॅक्सी व कॅब हे समानार्थी शब्द म्हणून लिहून दिले आहेत. मात्र गेल्या महिन्यात वेरूळला जाण्यासाठी आम्ही गाडी ठरवली, तेव्हा चालकाने दाखवलेल्या आरसी बुकावर तिने ‘मोटर कॅब’ हे शब्द वाचले आणि “बाबा, मग ही टॅक्सी नाही का?” असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
आज दोन्ही शब्द एकाच गाडीला लावले जातात, परंतु त्यांची कुळे निराळी आहेत. कॅब हे ‘कॅब्रिओले’ या फ्रेंच शब्दाचे लघुरूप आहे. ती दोन चाकांची, एका घोड्याची हलकी गाडी असून रस्त्याने उसळत चाले, म्हणून बोकडाच्या उडीवरून तिला ते नाव पडले. आपल्या टांग्याची ती लांबची बहीणच म्हणावी. टॅक्सी हे नाव मात्र मुळात गाडीचे नाहीच, ते भाडे मोजणाऱ्या यंत्राचे, म्हणजे टॅक्सीमीटरचे आहे. जर्मनीतील ब्रून यांनी 1891 साली असे मीटर तयार केले, 1897 मध्ये डाइम्लरची मीटर बसवलेली मोटारगाडी भाड्याने धावू लागली, आणि पुढे मीटर असलेल्या कॅबला टॅक्सीकॅब म्हणू लागले. या जोडशब्दाचेच दोन तुकडे आज सुटे वापरले जातात.

उत्तर (लातूर)
वरील माहितीला कायद्याची जोड देतो, कारण आरसी बुकावरचा शब्द तिथून आला आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार चालक वगळून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी गाडी ही मोटर कॅब, आणि सहाहून अधिक पण बारापर्यंत प्रवासी नेणारी ती मॅक्सी कॅब. या व्याख्येत मीटरची अट नाही. आपल्या भागात किलोमीटरचा दर आणि चालकाचा भत्ता आधी बोलूनच गाडी ठरते, त्यामुळे मूळ अर्थाने पाहिले तर तुमची गाडी कॅब होती, टॅक्सी नव्हती. लंडनमध्ये हा भेद अजूनही पाळला जातो: रस्त्यात हात दाखवून थांबवता येते ती टॅक्सी, आणि आधी नोंदवावीच लागते ती मिनीकॅब. परीक्षेत मात्र मुलीने समानार्थी असेच लिहावे, ते चुकीचे ठरणार नाही.

प्रश्नकर्ता (परभणी)
दोघांचेही मनापासून आभार. मुलीला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. गंगाखेडला जाताना आपण ज्या काळी-पिवळीत दाटीने बसतो, तिच्या कागदावर मॅक्सी कॅब लिहिलेले असते का, हे ती आता स्वतः चालककाकांना विचारणार आहे.