पाऊस लागल्यापासून अंगणात माश्या, कुत्र्याचे कान रक्ताळलेत

प्रश्न:
इंदूर, सुदामा नगर. घरामागच्या अंगणात तीन कुत्री. दोन गावठी, ती दिवसभर गच्चीवर. भोलू जर्मन शेफर्ड, तो खालीच पडून असतो. शी रोज उचलतो, अंगण फिनाइलने धुतो, ओला कचरा सकाळच्या गाडीत जातो. तरी माश्या आहेतच. गुळाच्या पाण्याची बाटली टांगली, तीत ढिगाने मेल्या. पण भोलूच्या कानांची टोकं रोज नव्याने रक्ताळतात, वर काळी खपली. आई म्हणते, 'कुत्री पाळलीस, आता माश्याही पाळ.' काय करू?

उत्तर १:
फिनाइल जरा कडक ओता, पाणी कमी घाला.

उत्तर २:
कडक फिनाइल अजिबात नको हो! कुत्री पाय चाटतात, सगळं पोटात जातं.

आमच्याकडे रामबागेत चार कुत्री होती, म्हणून सांगते. तुमच्याकडे दोन जातीच्या माश्या आहेत. बाटलीत मेली ती साधी घरमाशी. कान फोडते ती गोठ्यातली चावरी माशी. दिसायला तशीच, फक्त तोंडाशी पुढे सुईसारखी सोंड. तिला रक्त हवं, गुळाकडे ढुंकून बघायची नाही. अंगणात उभं राहिलं की घोट्याला कडकडून चावतं ना काहीतरी? तीच.

तिची अंडी कुजलेल्या ओल्या गवतात, पेंढ्यात. त्यात कुत्र्याची शू मुरली की बघायलाच नको. मी महिनाभर नळी धरून अंगण धूत होते आणि अळ्या निघाल्या कुठे, तर कुत्र्यांच्या गोणपाटाखाली! पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याची घरमाशी होते, हिला थोडे जास्त दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून दोनदा बिछाना उचला, वाळवा, जागा कोरडी करा. मध्येच सोडलंत की पुन्हा पहिल्यापासून.

भोलूपाशी टेबलफॅन लावा, वाऱ्यात माशीला बसता येत नाही. कान मात्र डॉक्टरांना दाखवाच. उघड्या जखमेवर दुसऱ्या माश्या अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या पडू शकतात. कोणी टर्पेंटाइन ओता म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्नकर्ता:
मावशी, गोणपाट नव्हतं. कूलरच्या जाळीत भरतात ती घास! जूनमध्ये कूलर काढला, जुनी घास पाण्याच्या टाकीमागे फेकली, तीही मीच. भोलू रोज तिथेच तंगडी वर करतो. फावड्याने उलटली तर खाली नुसती वळवळ. पोत्यात भरून तोंड बांधून सकाळच्या गाडीत दिली, जागा खरवडून उन्हाला उघडी टाकली. डॉक्टरांनी कानाला मलम दिलंय, भोलू ते पंज्याने पुसून टाकतो, तो वेगळाच उद्योग.

आज बारावा दिवस. कालपासून खपली कोरडी आहे. बाटली राहू देऊ का काढू?

उत्तर २:
भोलूजवळची काढा. गुळाच्या वासाने गल्लीतल्या माश्याही तिथेच येतात. ठेवायचीच असेल तर लांब फाटकाबाहेर टांगा, आणि दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करा, नाहीतर त्यातच अळ्या होतील.